सोमवारचा दम

आमच्या घरात संशय घेण्याचं खातं माझ्याकडे आहे. दूधवाला, भाजीवाली, टीव्हीवर पावसाचा अंदाज सांगणारा, कोणाचंच मी एकदम खरं मानत नाही. त्यामुळे नवऱ्याला दर सोमवारी दम लागायला लागला, तेव्हा कुठंतरी पाणी मुरतंय हे मी ताडलं.

तो आर्वीतल्या एका जिनिंगमध्ये कामाला आहे. तिथं कापसातून सरकी काढून रुई वेगळी करतात. सोमवारी संध्याकाळी घरी आला की तो पायरीवरच बसायचा. छातीवर सरकीचं पोतं ठेवल्यावानी वाटते, म्हणायचा. मंगळवारी जरा कमी, बुधवारी पठ्ठ्या ठणठणीत. धूळ बाधत असती तर रोज बाधली असती, तिला सोमवारचाच मुहूर्त कशाला?

रविवारी सुट्टी, आणि रविवारी हा एकटाच हिंगणीला बहिणीकडे जायचा. तिथं मेहुण्यासोबत बिड्या फुंकत असणार, नाहीतर बाटली. मी शर्ट हुंगून पाहिला. साबणाचा वास आला, म्हणजे तिकडूनच धुऊन आणला असणार!

शेवटी एका रविवारी मीही सोबत गेले. नणंदेनं भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. बिडी नाही, बाटली नाही. जेवून हा धरणाकडची चढण भराभर चढला आणि वरून मलाच म्हणाला, "ये ना वं, दमली काय?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा पायरीवर, घामाघूम. माझं डोकंच फिरलं.

"काल पोरावानी चढत होते अन् आज काय झालं? कामाचा कंटाळा आला म्हणून नाटक करून राह्यले काय?"

उत्तर देण्याइतका श्वासच नव्हता त्याच्याकडे. तेव्हा मात्र मी घाबरले.

सकाळी त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला एका नळीत जोरानं फुंकायला लावलं. सुट्टी कधी, त्रास कधी, एवढं विचारलं आणि मान हलवली.

"श्वास आपण ओढतो असं वाटतं," त्या म्हणाल्या, "पण छातीखाली एक पडदा असतो. तो खाली सरकला की छातीत जागा होते आणि हवा आपोआप आत येते. पुढे श्वासनळीला फाटे, फाट्यांना फाटे, आणि टोकाला बारीक बारीक फुगे. तिथं रक्त ताजी हवा घेतं, वापरलेली परत देतं. कापसाच्या धुळीनं त्या बारीक नळ्या आवळल्या जातात. मग आत गेलेली हवा नीट बाहेर पडत नाही."

"मग सोमवारीच काऊन?" मी उलटतपासणी सोडली नाही.

"रोजच्या धुळीला नळ्या कशाबशा सरावतात. सुट्टीत तो सराव मोडतो, म्हणून पहिल्या दिवशी दणका बसतो. आत्ता काम सोडलं तर त्या मोकळ्या होतील. पण त्रास वाढत वाढत रविवारपर्यंत पोहोचला, की मग परत फिरणं कठीण."

म्हणजे मी उगाच हिंगणीवर पाळत ठेवली होती. चोर जिनिंगमध्येच होता.

घरी येताच मी म्हटलं, "उद्यापासून जाऊ नका."

"सीजन संपू दे, मंग सोडतो."

काही दिवसांनी तो आनंदात सांगत आला, "मले आता गेटवर बसवलं. धुळीचं काम सुटलं." मी त्याचा शर्ट अंगणात झटकला. शिवणीतून रुईचे पांढरे तंतू उडाले.

"हे गेटवर पिकते काय?"

"वाऱ्यानं येते," तो म्हणाला आणि आत निघून गेला. तेव्हापासून मी डबा भरते, पण कान त्याच्या छातीकडे असतात. हल्ली बुधवारीही तो जेवताना मध्येच थांबतो. मी काही विचारलं तर भाजी तिखट झाली म्हणतो.

परवा तो हिंगणीहून परत आला. मी दारातच उभी होते. घरात यायच्या आधी तो पायरीवर टेकला आणि खाली वाकून पाय चाचपायला लागला. खांदे वरखाली होत होते.

"काऊन बसले?"

"चपलेचा... अंगठा तुटला वाटते."

देवा, निदान या वेळी तरी माझा संशय खोटा निघू दे, असं म्हणत मी चप्पल उचलून पाहिली. अंगठा शाबूत होता. वार रविवार.