तिघं बसले की बैठक

देओलिंदा माचादोला गप्प बसवणं आजवर कुणाला जमलं नव्हतं. नवऱ्याला नाही, चर्चच्या फादरना नाही, काउंटी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं तिच्या हाताखाली राबलेल्यांना तर नाहीच नाही. ते जमलं प्राधिकरणाच्या वकिलाला.

सान तेल्मो काउंटीचं हॉस्पिटल पूर्वी सुपरवायझर, म्हणजे काउंटीचे निवडून आलेले प्रतिनिधी, चालवायचे. चालवायचे म्हणजे भांडायचे. निवडणूक आली की नव्या इमारतीच्या गप्पा, निवडणूक सरली की नर्सांची कपात. शेवटी वैतागून त्यांनीच ते एका स्वतंत्र आरोग्य प्राधिकरणाच्या गळ्यात घातलं. इमारत काउंटीची, कारभार पाच विश्वस्तांचा. सुपरवायझरांनी विश्वस्त नेमायचे आणि मग लांब उभं राहायचं.

पाचांत दोघं देओलिंदाचीच माणसं होती. शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झालेली ओदेत सिल्वेरा, आणि गोठेवाला जिल्बर्तो, जो शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशीही शेतापलीकडच्या गाईला हाक मारावी तसा बोलायचा. नवरा मानुएल गेल्यापासून देओलिंदाची रोजची सकाळ या दोघांबरोबर डोनटच्या दुकानात जायची. बाकी दिवसभर घरात तिच्याशी बोलायला फ्रिज तेवढा होता, तोही घरघरायचा.

पाचवी जागा रिकामी झाली तेव्हा या दोघांनीच तिला भरीस घातलं. "ये गं! हॉस्पिटलच्या भिंतीसुद्धा तुला ओळखतात." ती गेली, हात वर करून शपथ घेतली, आणि वकील टटल यांनी तिला बाजूला घेतलं. टटल नाकातून बोलायचे, आणि प्रत्येक वाक्य परत घेता येईल अशा बेताने.

"तर मॅडम, पाचांतले तिघं म्हणजे बहुमत. बहुमत एकत्र बसून कामाचं बोललं की ती बैठक झाली, असं म्हणता येईल. बैठक म्हटली की आधी नोटीस लावायची, दारं उघडी ठेवायची, लोकांना बोलू द्यायचं."

"आम्ही तिघं फक्त डोनट खातो हो."

"डोनट खा. हॉस्पिटलचं बोलू नका. आणि तुम्ही एकीला सांगितलंत, तिने तिसऱ्याला सांगितलं, तरी ती बैठकच. साखळीने झाली, एवढंच."

दुकानात तिघांनी तसा प्रयत्न केला. गाई झाल्या, हवा झाली, मग ओदेतचा गुडघा निघाला.

"दाखवलास का कुठे?" जिल्बर्तो गरजला.

"दाखवला की, आपल्याच—" ओदेत म्हणाली, आणि तिघांनी एकदम कॉफीत तोंड घातलं.

मग बाळंतपणाच्या वॉर्डाचा विषय आला. बाळंतपणं कमी झाली होती, डॉक्टरांचा करार संपत होता. तो वाढवायला तीन मतं हवी होती. नाहीतर वॉर्ड बंद, आणि कळा सुरू झालेल्या बायकांनी घाट ओलांडून पलीकडच्या शहरात जायचं. देओलिंदाच्या दोन्ही मुली त्याच वॉर्डातल्या. पहाटे बाळंत झालेल्या कितीजणींना तिने टोस्ट आणि चहा वर पाठवला होता. फोनवर ती ओदेतला म्हणाली, "मी तर वॉर्ड ठेवणार बाई." दोघीच होत्या, म्हणजे चालत होतं. ओदेतने ते गोठ्याच्या फाटकाशी जिल्बर्तोला सांगितलं. आणि भर सभेत, लोकांची भाषणं चालू असताना, जिल्बर्तो उठला.

"कशाला उगाच वेळ घालवता? आमच्या तिघांचं ठरलंय!"

मागच्या रांगेतल्या नर्सांनी टाळ्या सुरू केल्या. टटल यांच्या हातून पेन पडलं.

"अं-हं," अध्यक्ष डॉक्टर प्रुइट म्हणाले. "विषय… अं-हं… तहकूब."

ट्रॅक्टर विकणारा विश्वस्त ऑर्व्हल स्टब्ज वॉर्ड बंद करण्याच्या बाजूचा होता. तो शांतपणे म्हणाला, "पुन्हा असं सापडलं तर निर्णय रद्द करायला कोर्टात जाणारे लोक आहेत. मी नाही. पण आहेत."

दुसऱ्या दिवसापासून देओलिंदा डोनटच्या दुकानात गेली नाही. कॉफी घरीच केली. पहिल्या दिवशी सवयीने तीन कपांची केली आणि दोन सिंकमध्ये ओतली.

ओदेतचा फोन आला. "दोघी बोललेल्या चालतात म्हणे."

"चालतात. पण तुझ्या तोंडाला फाटक नाही."

"बरं! म्हणजे मी आता चहाडखोर?"

"असं कुठे म्हटलं मी? वॉर्ड वाचू दे गं आधी. नंतर हवं तेवढं बोलू."

"तुझा नवरा गेला तेव्हा रोज रात्री तुझ्याकडे झोपायला कोण येत होतं, देओलिंदा? टटल?"

फोन आपटला गेला. देओलिंदाने परत लावला नाही. हात दोनदा फोनवर गेला होता, पण नाहीच.

पुढच्या महिन्यात सगळी भाषणं नव्याने झाली. करार तीन विरुद्ध दोन मतांनी वाढला. एका नर्सने देओलिंदाला असं कवटाळलं की तिचा चष्मा वाकडा झाला. घरी येऊन तिने दिवा लावला, कोट काढला, आणि ही गोष्ट कुणाला सांगावी ते तिला सुचेना.

सकाळी ती दुकानाच्या दारापर्यंत गेली. काचेआड ओदेत आणि जिल्बर्तो कशावरून तरी हसत होते. पर्समध्ये पुढच्या सभेची विषयपत्रिका होती. डायलिसिस विभागावरून पुन्हा तसाच तंटा, आणि त्यामागे आणखी एक रांगेत. नेमणूक चार वर्षांची होती. ती गाडीत बसली आणि बाजारात काही नको असताना बाजारात गेली.

उन्हाळ्यात चर्चच्या हॉलमध्ये उत्सव झाला. लांबलचक टेबलं, येईल त्याला फुकट सोपास, म्हणजे पावावर वाढलेला गोमांसाचा रस्सा. देओलिंदा ताट घेऊन उभी राहिली. ओदेतने तिला पाहिलं, शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलली आणि खुर्ची थोपटली. जिल्बर्तो ओरडला, "ये की! इथे कुणी हॉस्पिटलचं नाव काढत नाही!"

अर्ध्या हॉलने मान वळवली. देओलिंदा हसली, मान हलवली आणि पार टोकाच्या टेबलाकडे गेली. ओदेतने पर्स परत खुर्चीवर ठेवली.

थोड्या वेळाने समोर सावली पडली. ऑर्व्हल स्टब्ज हातात ताट घेऊन उभा होता, एकटाच.

"दोघं चालतात ना?" त्याने विचारलं.

तिने आजूबाजूला पाहिलं. "चालतात."

तो बसला. दोघं जेवू लागले. मग त्याने रश्श्यातून एक हिरवं पान उचललं.

"हे काय आहे?"

"पुदिना."

"खायचं असतं?"

"बाजूला ठेवलंत तरी चालतं," देओलिंदा म्हणाली. हॉलच्या पलीकडे ओदेत कुणाची तरी नक्कल करत होती, आणि ती कुणाची ते इथून ऐकू येत नव्हतं.