वस्तादांचं पायताण

कोल्हापूर मी सबंध पाहिलं आहे. त्यातलं निम्मं चालत पाहिलं आणि उरलेलं पळत.

पंचाहत्तर-शहात्तरच्या आसपासची गोष्ट. आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कुसुमचं आजोळ कोल्हापूरचं, आणि तिच्या बापूमामांचा निरोपावर निरोप येत होता, "जावईबापूंनी अजून गाव बघितलं न्हाय, ही काय रीत झाली?" शेवटी एप्रिलात आम्ही नाशिकहून निघालो. मी अंगापिंडानं बेताचा आणि स्वभावानं भित्रा. (माहेरच्या माणसांत कुसुम 'शांत' हा शब्द वापरते.) बापूमामांची गुळाची अडत होती. मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो हे त्यांच्याकडे बघून सांगता येत नसे. पंचेचाळिशी उलटली तरी रोज पहाटे तालमीत जाऊन घाम गाळून येत.

"आज दिसभर घरचं तोंड बघायचं न्हाय," त्यांनी पहाटेच जाहीर केलं. "गाव बघायचं आन् खायाचं!"

सुरुवात गंगावेशीत झाली. तिथे म्हशी रस्त्यात उभ्या करतात, आणि गिऱ्हाइकानं पेला पुढे धरला की गवळी त्यातच धार काढून देतो. दूध म्हणजे बाटलीतून येणारी वस्तू, एवढीच माझी समजूत. मी हात होता त्याहून लांब केला आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा म्हैस मान वळवून माझ्याकडे बघत होती.

"पावणं, ती म्हस हाय, वाघ न्हवं!" गवळी ओरडला.

"ती माझ्याकडे बघतेय हो!"

"मग तुमी नगा बघू की तिच्याकडं!"

निम्मं दूध पेल्यात आणि निम्मं माझ्या बाहीवर, असा तो कार्यक्रम पार पडला. बापूमामांनी मात्र ओळीनं पेले रिचवले आणि मिशा पुसल्या. त्यांना दुधाची एवढी आवड असेल असं मला वाटलं.

मग चप्पल लाईन. कोल्हापूरला येऊन पायताण न घेता परत गेलेला जावई मामांच्या ऐकिवात नव्हता. मी एक कोरी जोडी घेतली. ती इतकी घट्ट होती की माझी बोटं एकमेकांवर चढून बसली. दुकानदार म्हणाला, "तेल पाजा, आठ दिसांत सैल हुईल, बघा." तिथून लंगडत मी अंबाबाईच्या देवळात गेलो, बाहेर जोडी काढली, दर्शन घेतलं, परत आलो, जोडी पायात सरकवली, आणि चकित झालो. चपला चक्क सैल झाल्या होत्या! शिवाय पाऊल टाकलं की कर्रर्र कर्रर्र असा भारदस्त आवाज येऊ लागला होता. त्या कातड्याच्या तळात आवाजासाठी नेमकं काय घालतात देव जाणे, पण मघापर्यंत मुक्या असलेल्या चपला एकदम बोलू लागल्या. दुकानदाराला आठ दिवस लागणार होते, अंबाबाईनं एका दर्शनात काम केलं! मी मागे वळून कळसाला पुन्हा हात जोडले.

(तासाभरापूर्वी घेतलेल्या चपला माणूस ओळखणार तरी कशा? देवळाबाहेरच्या ढिगात सगळ्याच सारख्या, सगळ्याच तेलकट. माझा दोष नव्हता हे मी तेव्हापासून सांगत आलो आहे.)

तिथून आम्ही मिसळ खायला निघालो. मामा पुढे, मी आणि कुसुम मागे. मामा सारखे वळून मागे बघत होते. पाहुणा गर्दीत हरवू नये म्हणून किती काळजी, असं वाटून मला भरून आलं. ते थांबले की मीही अदबीनं थांबायचो. ते कान टवकारायचे, काही ऐकू यायचं नाही, मग ते चालायला लागायचे. मीही लागायचो. ते पुन्हा दचकायचे.

मिसळवाल्याकडे आम्ही अगदी आतल्या बाकावर बसलो. मामांनीच ती जागा निवडली होती. मिसळ आली. तिच्यावरची लाल तर्री बघूनच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पहिला घास घेतला आणि माझ्या कानातून वाफ निघाली असावी, कारण शेजारचा माणूस आपणहून म्हणाला, "पाण्याचं पिंप तिकडं मागं हाय." मी उठलो आणि पिंपाकडे धावलो. कर्र कर्र कर्र कर्र!

पाणी पिऊन वळतो तो काय? गल्ल्याजवळ चकाट्या पिटत बसलेली दोन दांडगी पोरं नाहीशी झाली होती. कुसुमसमोर दोन ताटल्या होत्या. आणि बापूमामांचा पत्ता नव्हता.

"मामा कुठे गेले?"

"बाकाखाली," कुसुम म्हणाली.

खालून दबका आवाज आला, "ग्येलं का?"

"कोण?"

"कोण न्हाय. चला, चला! हितली मिसळ आता पयल्यावानी ऱ्हायली न्हाय." आणि मोरीच्या दारानं ते आम्हांला बाहेर घेऊन गेले. मिसळ तशीच राहिली. माझी जीभ तोवर कामातून गेली होती, त्यामुळे मी काही विचारूही शकलो नाही.

त्यानंतर खासबागेतलं कुस्त्यांचं मैदान, नवा राजवाडा, सगळं मी पाहिलं म्हणतात. मला एवढंच आठवतं, की मामा दर भिंतीच्या कोपऱ्यावरून आधी एक डोळा काढून बघायचे आणि मगच आम्हांला 'या' म्हणून खुणवायचे. ज्या गावात एवढा आडदांड माणूस भीत भीत चालतो तिथे मी, पन्नास किलोचा मनुष्य, काय म्हणून वाचणार? सकाळची म्हैस आता मला मायाळू वाटू लागली.

रंकाळ्यावर पोहोचलो तेव्हा ऊन उतरलं नव्हतं. मामांनी भेळ घेतली आणि तलावाच्या कठड्यापाशी मला बाजूला नेऊन मन मोकळं केलं.

"जावईबापू, तुमच्यापासनं काय लपवायचं? आमचं हिंदूराव वस्ताद. तालमीतलं. माझं पोट सुटलंय म्हणून त्यांनी समदं बंद क्येलंय. मिसळ बंद, भेळ बंद. तांबड्या रश्श्याचं तर नावबी काढायचं न्हाय. निस्तं दूध, बदाम आन् भाकरी. मी अंबाबाईची आण घ्येतलीया त्यांच्याम्होरं!"

"मग खाताय कशाला?"

"पावणं आल्यात की घरात! पावण्याला एकट्याला खाया लावणं बरं दिसतंय व्हय?" मग ते आणखी हळू बोलू लागले. "आज सकाळधरनं वस्ताद माझ्या मागावर हायत. त्यांच्या पायतानाचा आवाज सबंध गावात एकच हाय. दोन गल्ल्या लांबनं वळकतो आमी. त्यो आला की पत्तं खिशात, बिडी पायाखाली आन् पोरं बैठका मारायला सुरू. मी गावलो तर तालमीचं दार कायमचं बंद, बघा. आमच्या आज्ज्यापासनं त्या तालमीत हाय आमी."

त्यांचे डोळे पाणावले होते. मलाही वाईट वाटलं, आणि त्यांना धीर द्यावा म्हणून मी दोन पावलं पुढे सरकलो.

कर्रर्र.

मामांनी भेळेचा द्रोण तलावात भिरकावला आणि धूम ठोकली! आता, अनोळखी गावात आपला एकमेव वाटाड्या पळायला लागल्यावर माणसानं काय करावं? मीही पळालो. कर्र कर्र कर्र कर्र! मामांना वाटलं, वस्ताद पळतायत. त्यांनी वेग वाढवला. मीही वाढवला. मागे नक्की काहीतरी भयंकर येत असणार, नाहीतर हा मनुष्य जिवाच्या आकांतानं पळेल कशाला? मला मागे वळून बघायचं धाडस होईना, मामांना तर नव्हतंच. रंकाळ्याच्या काठानं हवा खायला आलेली मंडळी बाजूला होऊन आम्हांला वाट करून देत होती. एक म्हातारा ओरडला, "शाब्बास! फुडच्याला सोडू नगासा, पावणं!"

शेवटी मामा एका झाडाला धरून कोसळले आणि मी मामांवर. सावकाश चालत कुसुम आली.

"अहो," ती म्हणाली, "तो आवाज तुमच्या चपलांचा येतोय."

मामांनी माझा पाय ओढून उलटा केला. टाचेखाली लोखंडी नाल होती. ती बघून मामांच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे... हे वस्तादांचं पायताण हाय!"

"मग माझं कुठंय?"

"तुमचं कुठंय काय इचारताय? तुमचं काय हुणार त्ये इचारा! गेल्या जत्रंला एकजण चुकून ह्यावर उभा ऱ्हायला हुता."

"मग?"

"त्यो हाय आता मिरजंला. तिथं हाडांचं डाक्टर चांगलं हायत."

मार तर होताच, पण त्याहून वाईट म्हणजे बोभाटा! बापूमामांचा जावई देवळाबाहेर चपला चोरतो, आणि त्याही मामांच्याच वस्तादांच्या! कुसुमच्या आजोळात मी पुन्हा कोणत्या तोंडानं जाणार होतो? चपला काढून मामांच्या टॉवेलात गुंडाळल्या आणि गाठोडं मी काखेत मारलं. एप्रिलच्या डांबरी रस्त्यावरून मी अनवाणी उड्या मारत आणि ती दोघं चालत, असे आम्ही देवळापाशी आलो, तर तिथे ना वस्ताद, ना माझी जोडी. फुलवालीनं सांगितलं, "वस्ताद सकाळीच ग्येलं. लंगडत."

आता अंधार पडल्यावर गाठोडं गुपचूप तालमीच्या दाराशी ठेवायचं आणि पसार व्हायचं, असं ठरलं. अंधाराला अजून अवकाश होता. मी भीतीनं घामाघूम झालो होतो. आणि तेवढ्यात बापूमामांचा चेहरा हळूहळू फुलायला लागला.

"जावईबापू, आपुन भितोय कशाला? आवाज तर आपल्या काखंत हाय!"

"म्हणजे?"

"म्हंजी वस्ताद आलं तर पायतान वाजंल. पायतान हितं हाय. म्हंजी वस्ताद न्हाईत! चला, तांबडा रस्सा!"

हा हिशोब मला त्या क्षणी अगदी बिनचूक वाटला. कुसुम काहीतरी म्हणत होती, पण आम्ही ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतो.

खानावळीत मामा ऐन दारासमोर बसले. दिवसभरात पहिल्यांदा दाराकडे पाठ करून! मटण आलं, भाकरी आली, तांबडा आणि पांढरा रस्सा आला. मामांनी वाटी तोंडाला लावली, रिकामी केली, पुन्हा भरून घेतली. त्यांच्या टकलावर घाम आणि चेहऱ्यावर परमानंद दिसू लागला. गाठोडं माझ्या मांडीवर होतं. त्याला मी घट्ट धरून बसलो होतो. ते अगदी गप्प होतं.

मामांच्या खांद्यावर मागून एक हात येऊन पडला.

"बापू, रस्सा झणझणीत हाय काय?"

"व्हय की! बसा तुमीबी," मामा न वळताच म्हणाले. मग वळले. वाटी हातातून सुटली आणि माझ्या सदऱ्यावर सांडली.

हिंदूराव वस्ताद छपराला टेकतील एवढे उंच होते. मिशा पांढऱ्याशुभ्र. पायात माझी जोडी होती, तीही अर्धीच, कारण टाचा मागे जमिनीवर आल्या होत्या. आणि तिचा आवाज अजिबात येत नव्हता.

मी गाठोडं टेबलाखाली सरकवू लागलो. कुसुमनं (ही माझीच बायको बरं का!) ते उचललं आणि वस्तादांच्या पुढे ठेवलं. "वस्ताद, चुकून यांच्या पायात गेल्या. सकाळपासून गावभर आम्ही तुमच्याच भीतीनं पळतोय."

"पावणं, उभं ऱ्हावा."

मी उभा राहिलो. म्हणजे टेबलाला धरून. मला मिरजेची गाडी डोळ्यांसमोर दिसत होती. वस्तादांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बाकावर बसले.

"आज सबंध दिस गावात हिंडलो," ते म्हणाले. "कुणी उठंना, कुणी पळंना. तालमीच्या मागं पोरं पत्तं कुटत हुती. माझ्या म्होरं! शिरपा बिडी वडत हुता. मिसळवाल्याकडं माझं दोन पैलवान मिसळीवर जादा कट मागून घ्येत हुतं. आन् ह्यो बापू. एवढी वर्सं मला वाटायचं, आपली पोरं लई गुणाची." मामांनी मान खाली घातली. मलाही गलबलून आलं, आणि सदऱ्यातून पोटावर उतरलेल्या रश्श्यानं आगही होत होती.

मग वस्तादांनी गाठोडं माझ्या पोटावर दाबलं. "ह्ये तुमीच ठेवा. मला आवाजाचं पायतान आता नगं. तुमच्या जोडीला जरा ठोकून घीन. लई ब्येस हाय. आन् बापू, उद्या पाटंचं तालमीत. दार उघडं हाय तुला. पावण्यालाबी आन."

"पावण्याला कशाला?" मी विचारलं.

"तुमीबी माझ्याच पायतानात पळालासा की! आता थोडं बसून उठा."

दुसऱ्या दिवशी मी बसलो आणि उठलो, बसलो आणि उठलो, शेवटी मला नुसतं बसवलं आणि उठवलं. तालमीतली झाडून सगळी पोरं माझ्याकडे खाऊ का गिळू अशा नजरेनं बघत होती. नाशिकची एसटी आली तेव्हा जागा होती, पण मी कोल्हापूर ते पुणे उभ्यानं आलो.

त्या वहाणा मी पुढे वर्षानुवर्षं वापरल्या. कचेरीच्या जिन्यात कर्र कर्र वाजल्या की एकही माणूस दचकत नसे, एकही पत्ता खिशात जात नसे. फक्त आतल्या खोलीतून साहेबांचा आवाज यायचा, "आलात का? आजही उशीर!" वस्तादांच्या पायताणाला घाबरणारा सगळ्या महाराष्ट्रात आता एकच माणूस उरला होता, आणि तेच पायताण घालून तो रोज कामाला जात होता.