लबनवाला उबेद

उबेदच्या आजोबांना बहारीनचं नागरिकत्व मिळालं होतं, म्हणून दापोलीकडच्या घराण्यातला हा पोरगा बहारीनच्या झेंड्याखाली पोहायचा. दोनशे मीटर बटरफ्लायचा राष्ट्रीय विक्रम त्याच्या नावावर होता. दरवर्षी तो मोडला जाई आणि मोडणाराही उबेदच असे. एवढी दमछाक करून घ्यायला देशात दुसरं फारसं कुणी तयारच नव्हतं.

त्याचे अब्बा हुसेन हिद्दच्या बंदरात कारकून. त्यांना या कर्तबगारीचा नीट अर्थ लागत नसे. "एवढे हातपाय मारून शेवटी भिंतीलाच हात लावायचा ना?" ते विचारत. अम्मी मात्र टॉवेल वाळत घालताना शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "आमचा उबेद आशियाई स्पर्धेला चाललाय!"

त्या स्पर्धेत उबेद जीव तोडून पोहला. स्वतःचा विक्रम त्यानं मोडला आणि गटात शेवटचा आला. दुसऱ्या दिवशी पेपरात फुटबॉल संघाच्या सरावाचा फोटो होता.

पुढं एका डेअरीला जाहिरातीसाठी खेळाडू हवा होता. फुटबॉलवाले परवडेनात, म्हणून उबेदला बोलावणं आलं. मुहर्रकच्या रस्त्यावर त्याचा अवाढव्य फोटो झळकला: रुंद खांदे, हातात लबनची, म्हणजे दाट ताकाची, बाटली आणि ओठावर पांढरी मिशी. आपल्याकडे जलतरणपटू आहे हे बहारीनला तेव्हा कळलं. सिग्नलला गाड्यांतून हाका येऊ लागल्या, "यल्ला, लबन!", म्हणजे "चल रे, लबन!" कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमधला, म्हणजे तिथल्या किराणा दुकानातला, गणपत तर तो दिसताच फ्रिज उघडायचा.

"अरे, मी सोडा घ्यायला आलोय."

"तुम्ही? आणि सोडा? लोक काय म्हणतील, उबेदभाई!" गणपत बाटली हातात कोंबायचा.

आखाती देशांची स्पर्धा बहारीनमध्येच भरली, तेव्हा उबेद तिसरा आला. आयुष्यातलं पहिलं पदक! "लबन! लबन!" असा गजर चालला होता. पदक घालून तो खाली उतरला, तर एक बाई मोबाइल सरसावून पुढं आली.

"सेल्फी हवाय. पण ती मिशी कुठाय?"

काही महिन्यांनी डेअरीनं जाहिरात बदलली. उबेदच्या जागी चष्मा लावलेली गाय आली आणि हाका थांबल्या. "तुम्ही पूर्वी बँकेत होता का?" असं कुणीतरी त्याला विचारलं. त्या हाका ऐकून तो वैतागायचा, पण त्या थांबल्याची रुखरुख लागली, आणि या रुखरुखीचीच त्याला जास्त लाज वाटली.

आता तो जिदहफ्सजवळच्या एका क्लबात मोठ्या माणसांना पोहायला शिकवतो. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून परवा हुसेनही आले. जन्म खाडीकाठचा, पण छातीएवढ्या पाण्यात कठडा सोडीनात.

"सोडा, अब्बा. मी धरलंय."

"नक्की धरलंयस ना?"

शेवटी ते उताणे तरंगले, डोळे गच्च मिटून. जरा वेळानं एक डोळा उघडून म्हणाले, "तू एवढं अंतर असाच जायचास?"

"असा नाही, पालथा. दोन्ही हात एकदम उचलून."

हुसेननी दुसराही डोळा उघडला.

"वेडा आहेस," ते म्हणाले. "पण हात काढू नकोस हां."