मामांची मोटार आणि मुशीचं तेल

आमच्या सौभाग्यवतींच्या मामांइतका गाडी न चालवणारा गाडीवाला उभ्या मालवणात दुसरा झाला नसेल. मुंबईला एका आगबोट कंपनीत कारकुनी करून मामा पेन्शनीत निघाले, तेव्हा लोकांना वाटलं, आता काजू लावतील, देवळात बसतील. मामांनी येताना काळी विलायती मोटार आणली! आधी कुणा साहेबाने वापरलेली आणि मग चाळीमागच्या कोंबड्यांनी वापरलेली. घाट उतरून ती स्वतःच्या चाकांवर आली, यावर गावाचा कित्येक दिवस विश्वास बसला नाही. तिचा रंग काळा, हेही मामांनी सांगितलं म्हणून कळलं. खाऱ्या वाऱ्याने पोपडे उडालेले, वाटेतल्या गडग्यांच्या दगडी कुंपणांना घासून चिरा पडलेल्या आणि टपावर कोंबड्यांच्या नखांची रांगोळी. पण मामांना त्या चिरा नव्हेत, जखमा वाटायच्या. पाहुणा आला की चहाआधी त्याला गाडीभोवती फिरवत. "ही कणकवलीक बैलगाडयेन केल्यान. ही त्या मेल्या सायकलवाल्यान!" प्रत्येक चिरेला पाहुण्याने "अरेरे" म्हणायचं. मी एकदा मागच्या मडगार्डपाशी विसरलो. त्या दिवशी चहा मिळाला नाही.

सकाळी उठून मामा गाडी घासायला बसत. नारळाचं सोडण, राख, रिठे, चिंच, स्वयंपाकघरातलं जे हाताला लागेल ते गाडीवर. पुसायला मामींची जुनी लुगडी, ती संपल्यावर तेवढीशी जुनी नसलेली. मामी करवादायच्या, "माझी नेसूची लुगडी संपतली, पण ह्या गाडयेचां नाक पुसून संपाचां नाय! माझ्या तोंडार सुरकुत्यो पडल्यो त्यो ह्यांका कधी दिसाक नाय!" मामा मान वर न करता घासत राहायचे. घासून घासून उरलासुरला रंगही गेला. गाडीत बसायची मात्र कुणाची टाप नव्हती. "जावयबापू, लांब उभे रव्हा, कोटाचां बटण लागात," हे मला दर भेटीत ऐकावं लागे. उशिरा झालेली एकुलती एक लेक शालन, तीसुद्धा शाळेत चालत गेली.

त्या शालनचं लग्न सावंतवाडीच्या बड्या घरात ठरलं. याद्या झाल्यावर व्याही गोड आवाजात म्हणाले, "मुलीला न्यायला आमची गाडी आणू. तुम्ही उगाच त्रास घेऊ नका." म्हणताना त्यांनी अंगणाकडे एकदाच पाहिलं, पण मामांना ते पाहणं मिरचीसारखं झोंबलं. "माझां चेडू माझ्याच गाडयेतसून सासरी जातलां! नायतर ह्यां लगीनच नुको!" मामींनी कपाळाला हात लावला. मामा बोलतील तसं करतील, ही आम्हा सगळ्यांना खात्री होती.

कुडाळहून रंगारी आणला. "ही भंगारात घाला," एवढं बोलून त्याने आपली बोळवण करून घेतली. रागारागाने मामा किनाऱ्यावर गेले. तिथे मासेमारी करणारे गाबीत लोक वाळूवर ओढलेल्या होड्यांना मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल पाजत होते. मामा डबा घेऊनच परतले. "होडी वर्सभर खाऱ्या पाण्यात रव्हता, तिका काय होता? कायएक नाय!" तेलात काजळी कालवून त्यांनी गाडीला हातावर हात चढवले. लांबून, संध्याकाळच्या उजेडात, गाडी खरोखर झळकली. मीसुद्धा "वा!" म्हणालो आणि नाकाला रुमाल लावला. पण होडी उन्हात पडून तेल पिते. उन्हाने रंग उतरतो म्हणून मामांनी गाडी माडाच्या झापांच्या मांडवाखाली सावलीत ठेवली होती!

लग्नाच्या दिवशीही तेल ओलंच. वाटेवरची तांबडी धूळ गाडीला चिकटून बसली आणि मालवणातली समस्त मांजरं आमंत्रण असल्यासारखी मांडवात जमली. विहीणबाईंनी पदर नाकाला लावला. व्याही म्हणाले, "अहो, आमची गाडी बाहेर उभी आहे ना!" वऱ्हाड हसलं. नवा कोट घातलेले मामा हातात फडकं धरून उभे. पुसायला गेले की धूळ आणखीच पसरे. सकाळपासून मीही हसत होतो, तेव्हा मात्र थांबलो. फार वाईट वाटलं हो.

शालन रडत पुढे आली. शालू सावरत तिने गाडीच्या दारावर हात टेकला आणि नवऱ्याला म्हणाली, "मी बाबांच्या गाडयेतसूनच येतलंय." दार उघडून ती आत बसलीसुद्धा. जावई भला माणूस, तोही निमूट शेजारी बसला.

सावंतवाडीहून परतल्यावर पाहतो तो वाटेतल्या उन्हात तेल सुकलेलं आणि दारावर शालनचा अख्खा हात उमटलेला, पाची बोटांसकट. आता मामा घर डोक्यावर घेणार म्हणून आम्ही पडवीत सरकलो. मामांनी फडकं घेतलं, सगळी गाडी पुसली, त्या दारापाशी आले आणि थांबले. फडकं खांद्यावर टाकून घरात गेले.

पुढे इंजिनाने मान टाकली आणि गाडी विकायची पाळी आली. मामांनी ते दार आधीच उचकटून घेतलं. गिऱ्हाईक तणतणलं, शेवटी फळी ठोकून गाडी घेऊन गेलं. दार पडवीत भिंतीला टेकून राहिलं. शालनचा संसार मोठा, माहेरी येणं वर्षा-दोन वर्षांतून एकदा. एकदा कुणा नव्या पाहुण्याने विचारलं, "मामा, ह्यां काय?"

मामा दाराकडे बघत म्हणाले, "ह्यां? ह्यां आमचां शालन."