माऊसला लावलेलं कुंकू

लालबागच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर लवू राहतो. त्याचा नातू सुशांत. वय पंचविशीच्या आसपास, धंदा बंदुका चालवणं. घाबरू नका, कॉम्प्युटरवर. इकडून पाच, तिकडून पाच, एकमेकांना गोळ्या घालायच्या. याच्या स्पर्धा असतात, त्यांना पंच असतात आणि जिंकणाऱ्या टीमला पगारावर ठेवणारे मालकही असतात. हे सगळं मला सुशांतनेच सांगितलं आणि मी ते चाळभर पोचवलं. माझ्याकडे दिलेली बातमी वाया जात नाही.

लवूची खोली आपल्या सगळ्यांच्या असते तेवढीच. त्यात मधे पडदा. पडद्याच्या अलीकडे लवू आणि सून कौसल्या, पलीकडे सुशांतचं साम्राज्य. त्या साम्राज्यात जाताना मी धोतराचा सोगा वर धरतो. टेबलावर कॉम्प्युटरचा काचेचा डबा, आत पंखे आणि लाल-निळे-जांभळे दिवे. आमच्या गल्लीच्या गणपतीला एवढी रोषणाई नसते. तो डबा मागून गरम वारा सोडतो. कौसल्या संसारी बाई, तिने त्या वाऱ्यात सुकटीची परडी ठेवून दिली. सुकटीला झुरळं आली, झुरळांना काचेतली ऊब आवडली, आणि आता ती जांभळ्या उजेडात मिशा हलवत फिरतात. कीबोर्डच्या फटींत शेवेचा चुरा, त्यावर तेलाची साय. आणि टेबलाखाली एक बाटली. आमचे संडास गॅलरीच्या टोकाला, खेळ मधे सोडून उठता येत नाही, तेव्हा बाटलीत काय असायचं ते मी लिहीत नाही. कौसल्येला मी एकदा विचारलं, "लिंबू सरबत गो?" तर तिने तीन दिवस माझ्याशी अबोला धरला.

पण या उकिरड्यावर दरबार भरायचा. संध्याकाळी चाळीतली पोरं यायची आणि सुशांत त्यांना ज्ञान द्यायचा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक काळी खिडकी उघडायची, पांढऱ्या अक्षरांत हुकूम टाइप करायचे. "हे बघ, पिंग मार. आकडा वाढला की समज वायफाय कोणीतरी खातंय." "हा हुकूम दिला की नेट गेमला आधी, बाकी सगळ्यांना नंतर." "पडदा आडवा ताणून घे, समोरची माणसं जाडी दिसतात. जाड्याला मारायला सोपं." मी म्हटलं, "म्हणजे मी त्यात उतरलो तर पहिलाच जाणार." पोरं हसली. सुशांत हसला नाही. मोठ्या माणसांना हसायला वेळ नसतो.

त्याच्याच टीममध्ये आमच्याच चाळीतली आकांक्षा होती, खालच्या मजल्यावरच्या रमाबाईंची. दिवसभर परळच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, घरी येऊन लोकांचं रक्त सांडते. मी तिला विचारलं, "हे काळ्या खिडकीतलं काय ते, लबाडी तर नाही?"

"नाही ओ काका. ते सगळेच करतात. मशीन स्वच्छ चालावं म्हणून. नेम शेवटी हातानेच धरायला लागतो."

मग तिने मला समजावलं. या खेळातली बंदूक सलग चालवली की नळी उडत उडत वर जाते. ती वर जाईल तेवढाच माऊस खाली ओढायचा, ना कमी ना जास्त. तिचा तसा हात बसायला वर्षं लागली होती. मनगटाला कायम पट्टा. "आणि सुशांतचा हात बघा," ती म्हणाली, "सगळ्या गोळ्या एका टिचभर जागेत. मी विचारते कसं जमतं, तर म्हणतो जन्मजात आहे." हे सांगताना तिच्या तोंडावर कौतुक होतं.

दसऱ्याला त्यांची मोठी मॅच आली. ही जिंकली की पाचही जण पगारी. सुशांतची नोकरी म्हणा, इभ्रत म्हणा, सगळं त्या एका दुपारवर. पंचांनी सांगितलं होतं, प्रत्येकाने हातावर रोखलेला एक कॅमेरा लावायचा.

आता लवूविषयी. हा माणूस गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर होता. दसऱ्याला साचा पुसायचा, झेंडूचा हार घालायचा, हळदकुंकू वाहायचं, मगच पेढे. गिरणी गेली, तिथे काचेचे टॉवर आले, पण लवूचा दसरा गेला नाही. घरात जे यंत्र असेल त्याची पूजा. कुंकू कौसल्येच्या मिक्सरला, गॅसच्या शेगडीला, टीव्हीच्या रिमोटला. हात आता थरथरतात, चहाची बशी त्याच्या हातात वाजत असते, तरी कुंकू तोच लावणार. मागच्या वर्षी त्याने सुशांतच्या कीबोर्डवर लावलं. अक्षरं चिकटली. तेव्हा नातू आजोबाला काय काय बोलला ते गॅलरीच्या दोन्ही टोकांना ऐकू गेलं. लवू खाली मान घालून चण्याची डाळ निवडत बसला होता.

म्हणून या वर्षी तो शहाणा झाला. सकाळी सुशांत आंघोळीला गेल्यावर त्याने डब्याला हार घातला आणि कुंकू अगदी विचार करून, कोणाला दिसणार नाही असं लावलं.

दुपारी आम्ही पडदा सारून मागच्या खाटेवर बसलो. मी, लवू, कौसल्या. आम्हाला कळावं म्हणून सुशांतने आवाज बाहेर लावला होता. त्यात टीमचं बोलणं, पंचांचं बोलणं, सगळं ऐकू येत होतं. त्याने काळी खिडकी उघडली, एक ओळ टाइप केली, खिडकी खाली दडवली. मॅच सुरू.

सुशांत माऊस सरकवतो, पडद्यावर काही सरकत नाही. इकडे ओढला, तिकडे ओढला, आपटला. बंदूक भिंतीकडे तोंड करून उभी, शिक्षा केल्यासारखी.

"सुश्या, डावीकडे बघ ना, येतायत ते," आकांक्षाचा आवाज आला.

"अरे माऊस मेलाय माझा."

त्याने माऊस उचलला आणि उलटा केला. पोटाशी बारीकसं भोक असतं, त्यात तांबडा दिवा. त्या भोकावर हळदकुंकवाचा गोल, ओला, वर एक तांदळाचा दाणा.

"हे कोणी केलं?"

लवू कौतुक होणार अशा चेहऱ्याने पुढे सरकला. "माझ्या मेल्या, वर लावलंय असतंय तर तुझ्या हाताक लागला असता, मगे तू वरडतस. म्हणान खाली लावलंय. थंय दिवो पेटत होतो."

सुशांतने रागाने माऊस मुठीत आवळला. बोट बटणावर होतं. बंदूक चालू झाली, धडधडधडधड. माऊस हवेत, डोळ्यावर कुंकू, म्हणजे आंधळा. तरी पडद्यावरची बंदूक आपली आपण खाली येत होती, अलगद, मापात. सगळ्या गोळ्या भिंतीवर एका टिचभर जागेत.

त्याने बोट काढलं, पण हातावर रोखलेल्या कॅमेऱ्याने पाहायचं ते पाहिलं होतं. मग पंच म्हणाला, "सुशांत, माऊस असाच वर धर. कॅमेऱ्यासमोर. आता बटण दाब."

"सर, माझं नेट गेलंय."

"नेट गेलंय तर तुझं बोलणं मला कसं येतंय?"

सुशांतने बटण दाबलं नाही. पंच म्हणाला, समजलं. नियमाप्रमाणे एकाने लबाडी केली की पाचही जण बाद. इतकं बोलून त्याने आवाज बंद केला. त्याआधी आकांक्षाचं एकच वाक्य आलं. "जन्मजात ना रे?"

काळ्या खिडकीतली ती एक ओळ म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. बटण दाबलं की माऊस खाली ओढायचं काम एक लिहून ठेवलेला हुकूम करायचा. सुशांतचा हात नुसता सोबतीला. ज्याचं कौतुक करत पोरं त्याच्या सुकटीच्या वासात बसायची, तो नेम त्याचा नव्हताच.

आता कोणालाही वाटेल, पोरगं तोंड लपवेल. छे. दसऱ्याचं सोनं द्यायला लोक येत होते, आणि हा दारात उभा राहून प्रत्येकाला सांगत होता, "आजोबांनी सेन्सरला कुंकू फासलं. मॅच गेली." शब्दन् शब्द खरा. लोक चुकचुकायचे, लवूकडे बघायचे. आणि लवू हात जोडून म्हणायचा, "माझीच चूक झाली. पोराचा नशीब माझ्या हातान गेला." मी आयुष्यात नाना तऱ्हेची घाण बघितली आहे, टेबलाखालची ती बाटलीही बघितली आहे, पण आजोबाला असं पुढे करून स्वतः मागे उभं राहणारा नातू बघून मला जी शिसारी आली तशी कधी आली नव्हती. मी सगळ्यांना खरं सांगायला तोंड उघडलं, तर लवूच म्हणाला, "तू गप रव. पोर आधीच दुखावलोसा."

दिवेलागणीला आकांक्षा वर आली. हातात आपट्याची पानं, मनगटाला पट्टा. लवूच्या पाया पडली, सोनं दिलं. लवूने तिच्यापुढेही हात जोडले. "बाय, तुझापण गेला ना माझ्यामुळे."

तिने पडद्यापलीकडे बघितलं. सुशांत परत खेळत होता. नवीन नाव घेऊन, माऊसचं कुंकू पुसून. काळी खिडकी खाली दडवलेली.

"ऊठ," ती म्हणाली.

"हे बघ अक्कू, आपण नंतर..."

"ऊठ म्हटलं."

तो उठला. तिने लवूला खुर्चीत बसवलं. लवू खुर्चीच्या अगदी कडेवर टेकला, गिरणीतल्या साहेबाच्या खोलीत बसल्यासारखा. तिने माऊस त्याच्या मुठीत दिला आणि मूठ हवेत उचलून धरली.

"आजोबा, हे बटण दाबून ठेवा."

"माका जमाचा नाय. हात हलता."

"हलू दे. दाबा तुम्ही."

लवूने दाबलं. त्याची मूठ वाऱ्यावरच्या पानासारखी लटपटत होती आणि पडद्यावर बंदूक शांतपणे खाली येत होती. सगळ्या गोळ्या एका टिचभर जागेत. कौसल्या पदर तोंडाला लावून बघत राहिली.

लवूने माऊस टेबलावर ठेवला. पडद्यातल्या भिंतीवरच्या त्या काळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला यंत्र काय करतं आणि हात काय करतो, हे सांगावं लागत नाही.

"ह्यो मी मारलंय?" त्याने विचारलं.

"नाही," आकांक्षा म्हणाली.

"मगे ह्या सुशांतान?"

"त्यानेपण नाही."

सुशांत म्हणाला, "आजोबा, सगळेच वापरतात ओ. तुम्हाला नाही कळणार त्यातलं."

लवूने त्याच्याकडे पाहिलंही नाही. उठला, डब्यावरचा झेंडूचा हार काढला, मोरीत गेला आणि साबण घेऊन हात धुवायला लागला. कुंकू कधीच निघालं होतं. तरी तो आपला चोळतोय, चोळतोय.