माहा नवरा पेत नव्हता

मॅडमनं माह्या घरातला तुरीच्या दाळीचा डबा उघडला आन त्यात कोपरापर्यंत हात घातला. खाली काई दडवून ठेवलं का, ते पाहून राहिल्या होत्या. मंग तांदळाचा डबा. मंग पिठाचा. संगं आलेली दुसरी बाई टिपून घेत होती. मी दारात उभी. माह्याच घरात मी दारात उभी.

"डाळ आहे की घरात," मॅडम म्हनल्या. "फॉर्मवर तर लिहिलंय, खायला काही नाही."

म्या म्हनलं, "शेजारनीनं देल्ली, मॅडम. काल."

मंग त्याइनं आडनाव इचारलं. फॉर्मवर होतंच, तरी इचारलं. म्या सांगतलं. दोघीनं एकमेकीकडं पाह्यलं.

"तुम्हा लोकांना तर सरकारच देतं ना सगळं," मॅडम हासून म्हनल्या.

आमी बौद्ध. मॅडमचं हे वाक्य मले शाळेपासून पाठ हाय. त्याचं उत्तरबी पाठ हाय. पन त्या दिवशी मी गप राह्यली, काहून की मांगं खाटेवर माहा नवरा पडून होता, आन त्याचे दोन्ही पाय मेलेले होते.

तो रंगारी. बिल्डिंगीले बाहेरून रंग माराचा. आमी बडनेऱ्यात राहतो, काम अमरावतीत होतं, एका मोठ्या बिल्डरच्या साइटवर. चौथ्या मजल्यावर झुल्यावर बसून रंग मारून राहिला होता. झुल्याचा दोर एका बाजूनं सुटला. कमरेले पट्टा नव्हता. कोनाच्याच नव्हता. त्यानं दोन डाव पट्टा मागतला होता. मुकादम म्हने, "कराचं असन तं कर. लेबर चौकात लय पडले हाय तुह्यासारखे."

म्या कामगार ऑफिसात अर्ज देल्ला. पट्टा देल्ला नाई म्हून मानूस पडला, एवढंच लिवलं. केस लागली. तारखा पडाले लागल्या.

ज्या संस्थेच्या मॅडमनं डबे उघडले, तिचं काम होतं संकटातल्या घराले आधार देनं. महिन्याचा किराना, पोरीले वह्या-पुस्तकं, आन घरी येऊन पायाचा व्यायाम करून घेनारा डॉक्टर, आठवड्यातून दोनदा. खोटं कायले सांगू, किरान्याचं मले काई नव्हतं. मी चार घरचे भांडे घासत होती, दोन टाइमचं भागत होतं. मले तो डॉक्टर पायजे होता. दवाखान्यात सांगतलं होतं, पयल्या वर्षात व्यायाम नीट झाला तं पाय थोडाफार येईन. नाई झाला तं मंग नाई. बाहेरून डॉक्टर लावनं आपल्या बापाच्यानं होत नव्हतं. म्हून उघडू देल्ले डबे.

डॉक्टर भला होता. दोन महिन्यानं उजव्या पायाचा अंगठा हालला. माही पोरगी तवा सातवीत. ती अभ्यासाचं पुस्तक घेऊन त्या अंगठ्यापाशीच बसून राह्यची, परत हालते का पायले.

मंग संस्थेचा कार्यक्रम आला. अकोल्याले, मोठ्या सभागृहात. देनगी देनारे सारे येनार होते. मॅडमनं मले अमरावतीच्या ऑफिसात बलावलं आन हातात एक कागद देल्ला.

"तुमचं मनोगत आम्ही लिहून ठेवलंय. फक्त पाठ करा."

म्या वाचलं. 'माझे पती खूप दारू प्यायचे. मला मारायचे. त्या दिवशीही ते पिऊनच कामावर गेले.'

"मॅडम, माहा नवरा पेत नाई. सुपारीचं खांडबी खात नाई तो. आन माह्यावर हात त्यानं कवाच उचलला नाई."

"अहो ताई, लोकांच्या मनाला भिडायला हवं. नुसता पडला म्हटलं की कोणाला काही वाटत नाही. आणि तुमच्या वस्तीत काय, पितातच ना सगळे?"

त्याइनं फाइल बंद केली. म्हनल्या, "डॉक्टरांचं पुढच्या महिन्याचं अजून ठरायचंय."

तोंड दाबून बुक्क्याचा मार. म्या कागद घेतला.

कागदावर पेन्सिलीच्या खुना होत्या. इथं थांबाचं. इथं पदर डोयाले लावाचा. मॅडमनं तीन डाव करून घेतलं माह्याकडून. साडीबी बदलाले सांगतली, ही फार चांगली दिसते म्हने. बोलनं झालं की पाहुन्याच्या पाया पडाचं, तेबी शिकवलं. घरी म्या नवऱ्याले काई सांगतलं नाई.

अकोल्यात मी बोलली. पाठ केलेलं सारं बोलली. खुना होत्या तिथं थांबली. पुढच्या बायकाइनं रुमाल काढले. टाळ्या झाल्या. मंग शाल-नारळ द्यायले पाहुना मंचावर आला आन म्या त्याले वळखलं. साइटच्या फाटकावर ज्याचा फोटो होता, तोच बिल्डर. संस्थेचा मोठा देनगीदार. त्याले ठाऊक होतं मी कोन. नाव पुकारलं तवाच त्याले ठाऊक होतं.

त्यानं शाल टाकली. "व्यसन वाईटच, ताई," म्हने, माइकात, साऱ्याइले आयकू जाईन असं. "तुम्ही धीरानं घेतलं."

मी वाकली. त्याच्या पायाले हात लावला. शिकवलं होतं म्हून लावला. हे लिवतानी आजबी मले माह्या हाताची किळस येते.

आठ दिवसात त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ साऱ्याइच्या मोबाइलवर. लेबर चौकात, वस्तीत, शाळेत. पोरीले वर्गातल्या पोट्ट्याइनं इचारलं, "तुहा बाप किती पेत होता?" ती घरी आली आन जेवली नाई. शेजारच्यानं माह्या नवऱ्याले तो व्हिडिओ दाखोला. त्यानं पुरा पाह्यला. मंग मले एकच इचारलं.

"मी कवा पेलो होतो वं?"

त्यानं भिंतीकडं तोंड केलं. कमरेखालचं त्याचं वळत नाई, तरी हातानं पाय ओढून ओढून वळला.

पुढच्या तारखेले कामगार ऑफिसात बिल्डरच्या वकिलानं मोबाइल टेबलावर ठेवला. माहाच आवाज. 'त्या दिवशीही ते पिऊनच कामावर गेले.' साहेबानं इचारलं, "आवाज तुमचाच ना?"

"हो."

हात दाखवून अवलक्षण म्हन्तात ते हेच. पन एक गोष्ट लपवत नाई. त्या दिवसानंतरबी म्या डॉक्टर घेनं बंद केलं नाई. अंगठ्यासंगं आता टाचबी हालून राहिली होती. मी मनात म्हनलं, नाव तं गेलंच, पाय तं येऊ दे. अशी होती मी तवा. भिकारी नव्हती, त्याइनं बनोली, आन मी बनली.

दुसरा कार्यक्रम आला. या डाव त्याइले माही पोरगी पायजे होती. "मुलगी बोलली की जास्त परिणाम होतो," मॅडम म्हनल्या. तिच्या हाती कागद देल्ला आन सराव कराले उभी केली. मी खुर्चीवर बसून. पोरगी हुशार हाय, साफ वाचते.

"माझे बाबा दारू पिऊन यायचे. मी कोपऱ्यात लपून बसायचे."

तिचा बाप कामावरून आला की तिले खांद्यावर घ्याचा. रंगाचे हात तिच्या फ्रॉकले लागू नाई म्हून मनगटानं धरे.

पोरगी मधातच थांबली. मले वाटलं, आता नाई म्हनन. पन ती पेन्सिलीची खून पाहून थांबली होती. तिनं हात डोयाले लावला. डोये कोरडे. मंग मॅडमकडं पाह्यलं, बराबर झालं का म्हून.

मी उठली. तिच्या हातातून कागद घेतला.

"मॅडम, हे अक्षर तुमचंच ना?"

"हो. का?"

म्या कागदाची घडी केली आन ब्लाउजात ठेवली. "माही पोरगी हे बोलनार नाई. आन मीबी नाई."

"मग डॉक्टर बंद होतील. नीट विचार करा."

"केला."

"उपकाराची जाणीवच नसते तुम्हा लोकांना."

"नाई, मॅडम. यापुढं नाई ठेवत."

पोरीचा हात धरला आन बाहेर निंगाली. ऑटोत ती म्हने, "आई, म्या चुकीचं वाचलं का?" त्याइतकं जिव्हारी मले मॅडमचंबी काई लागलं नव्हतं.

डॉक्टर बंद झाला. किराना बंद झाला. व्यायाम मी आन पोरगी करून घेतो, डॉक्टर कराचा तसा, जेवढा ध्यानात हाय तेवढा. टाच हालनं बंद झालं हाय. नवरा एक दिवस चिडून म्हने, "ठेवाचा होता डॉक्टर. पेताड तं पेताड." त्याच्या जागी मी असती तं मीबी हेच म्हनलं असतं. वर्ष सरलं. पाय आता येत नाई, हे त्यालेबी समजते, मलेबी.

मागल्या तारखेले म्या तो कागद साहेबाच्या टेबलावर ठेवला. म्हनलं, माहा जबाब लिवून घ्या. बिल्डरचा वकील हासला.

"बाई, तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

मांगं बसलेले दोघं-तिघं हासले.

"तवा," म्या म्हनलं. "भरल्या सभेत बोलली. लिवा माह्या नावानं, ही बाई खोटं बोलली. आन ज्याइनं कागद लिवून देल्ला त्याइचंबी नाव लिवा. ज्यानं ते आयकून मले शाल देल्ली, त्याचंबी."

साहेब म्हनले, "खोटं बोलल्याचं कबूल केलं तर तुमच्याच अंगावर येऊ शकतं, बाई."

"येऊ द्या. पन पट्टा नव्हता, हे पयले लिवा."

साहेबानं पेन उचलला. पुढची तारीख पडली हाय. मी जानार. त्याच्या पुढचीलेबी जानार. त्या बिल्डरच्या नव्या साइटवर आजबी मानसं बिनापट्ट्याचे झुल्यावर बसून राहिले हाय, म्या सोताच्या डोयानं पाह्यलं. त्याइच्यातला एखांदा पडन. त्याच्या बायकोपाशी कागद घेऊन कोनी जाईन. त्याच्या आंधी तिच्या दारात मी गेली पायजे.