बाबा की खिडकी?

आमची मुलुंडची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली आणि महिनाअखेर घर रिकामं करायचं ठरलं, तेव्हा बाबांनी एकच गोष्ट मागितली: हॉलच्या खिडकीत बसलेला त्यांचा फोटो. निवृत्त झाल्यापासून ते त्याच खिडकीत बसून समोरचा डोंगर बघत आले होते. नव्या टॉवरमधल्या आमच्या घराची खिडकी दुसऱ्या टॉवरकडे तोंड करून असणार, हे त्यांनी नकाशा बघताक्षणीच हेरलं होतं.

मी नुकताच मोठा कॅमेरा घेतला होता आणि एक्स्पोजरवरचे इतके व्हिडिओ पाहिले होते की घरात कुणी माझ्या वाटेला जात नसे. अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ, सगळं तोंडपाठ. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले. मी क्लिक केलं. डोंगर झकास आला, झाड न् झाड मोजून घ्यावं असा. आणि बाबांच्या जागी कोळशाचं पोतं. शटर संथ करून उजेड जास्त घेतला तर बाबा आले, मिशीतले पांढरे केससुद्धा आले, पण डोंगर गायब. मागे नुसती धुतलेली चादर. मधलं काहीतरी धरलं तर दोघंही आजारी दिसायला लागले.

एवढ्या मोठ्या कॅमेऱ्याला एका वेळी दोन गोष्टी दिसत नाहीत का, असं आईने विचारलं. मी समजावायला लागलो, तशी ती कुकर बंद करायला गेली. फ्लॅश लावला की बाबा डोळे मिटायचे. मोबाईलमध्ये दोन्ही आलं असतं, पण मोबाईलवर काढलेल्याला बाबा फोटो मानत नाहीत, आणि त्या दिवशी मीही मानत नव्हतो.

शेवटी दोन्ही फोटो त्यांच्यापुढे धरले आणि चेहऱ्याचाच घ्या म्हणून बजावलं. त्यांनी चष्मा सारखा करून काळ्या फोटोवर बोट ठेवलं.

"अरे, माझं तोंड माझ्याबरोबर येणारच आहे. खिडकी नाही यायची."

तोंडही कायमचं बरोबर राहत नाही, हे सांगायची माझी छाती झाली नाही. मला रडू येत होतं, म्हणून मी लेन्स पुसत बसलो.

काळा फोटो मोठा करून आता भाड्याच्या घरात लावलाय. पाहुणे विचारतात, हा माणूस कोण. बाबा खुशीत डोंगराबद्दल सांगतात. दुसरा त्यांनी डिलीट करायला सांगितला होता. केला, असं मी सांगितलं. तो माझ्याकडे आहे. त्यात मागे काहीच दिसत नाही, फक्त बाबा दिसतात.